लाइन बंद होणार नाही

आमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड माझ्या बायकोनं ठेवला होता, आणि तो मी बदलणार नाही, हे मी मुलीला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ती म्हणाली, बाबा, आधी ऐकून तरी घ्या. मी ऐकून घेतलं आणि परत तेच सांगितलं. मी चौथी शिकलेला माणूस. मला समजायला वेळ लागतो, आणि समजलं तरी मी ऐकेनच असं नाही. गावाला हे माहीत आहे, मुलीला तर आहेच.

बायकोला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मुलगी आईच्या आजारपणात पुण्याहून घरी आली, ती मागच्या पडवीत टेबल टाकून बसली. आई गेल्यावरही ती गेली नाही. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली होती. एकुलती एक. ती आत बसून काम करते म्हणून घरात चूल पेटत होती. नाहीतर मी पाव आणि चहावर दिवस काढले असते, आणि त्याचं मला काही वाटलंही नसतं.

मी तीस वर्षं उघाडीवर होतो. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. भरतीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून फळ्या टाकायच्या, ओहोटीला शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायला फळ्या काढायच्या. सांगायला काम एवढंच. पण आमच्याकडे त्याचे दोन कायदे होते, बापजाद्यांपासूनचे. फळीला एकट्यानं हात लावायचा नाही. एकानं फळी हलवायची, दुसऱ्यानं आतल्या अंगाला उभं राहून पाणी बघायचं आणि तोंडानं सांगायचं. आणि ज्याच्या हातात उघाडी, त्यानं दाराच्या लगतचं शेत करायचं. तो चुकला तर पहिलं खारं पाणी त्याच्याच भातात. मी फळी हलवायचो, बायको पाणी बघायची. नुसती उभी राहणारी बाई नव्हती ती. मी घाई केली की बांधावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची.

पोरगी दिवसभर काय टायपिंग करते ते मला कळत नव्हतं. एकदा जेवताना सरळ विचारलं, तू करतेस काय? तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. चुकलं असेल तर ती दुरुस्त करेल.

तिच्या कंपनीकडे दुसऱ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरांची राखण आहे. प्रत्येक कॉम्प्युटरात एक राखणदार बसवलेला असतो. तो माणूस नाही, प्रोग्रॅम. कुणाला आत घ्यायचं, कुणाला हाकलायचं, कोणती फाइल उघडू द्यायची, हे त्याला सांगून ठेवावं लागतं. पूर्वी ज्याच्या मनात येईल तो पडद्यावर जाऊन बटण फिरवायचा. कुणी फिरवलं, कशाला फिरवलं, महिन्यानं कुणाला आठवायचं नाही. माझ्या मुलीनं ते बंद केलं. आता सगळे नियम एका फायलीत लिहिलेले असतात. बदल करायचा तर फायलीत करायचा आणि का केला ते खाली लिहायचं. दुसऱ्या माणसानं तो वाचून हो म्हटल्याशिवाय तो पुढे जात नाही. हो म्हटल्यावर यंत्र स्वतः तपासतं, मग तो नियम आधी चार-पाच कॉम्प्युटरांवर जातो, तिथे दोन दिवस काही बिघडलं नाही तर मग सगळीकडे. आणि कुणी शहाणपणा करून हातानं बटण फिरवलंच, तर दहा मिनिटांत फाइल ते बटण परत जागेवर आणून ठेवते.

मी विचारलं, ते पहिले चार-पाच कुणाचे? ती म्हणाली, त्यात पहिला माझा.

मी ताटावरून उठलो आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. असलं मी कधी करत नाही. ती घाबरली, तिला वाटलं मला बरं नाही.

आता वायफायचं सांगतो. आमच्या आळीत मोबाईलला रेंज नाही. बोलायचं तर बांधावर जावं लागतं. आळीतल्या निम्म्या बायकांची पोरं जहाजावर नाहीतर आखातात. शेजारीण, सुकट विकणारी, मुलाशी बोलायला चिखलातून बांधावर जायची आणि रेंज मिळेपर्यंत त्याची सुट्टीची वेळ संपायची. मुलीनं आईसाठी घरात इंटरनेटची लाइन घेतली, तेव्हा बायकोनं पहिल्याच आठवड्यात या शेजारणीला पासवर्ड देऊन टाकला. मग दुसरीला. मग शाळेतल्या एका पोरीकडून ओट्याच्या भिंतीवर खडूनं लिहूनच घेतला. मी रागावलो. ती म्हणाली, हवेतनं येतंय, हवेतनं जातंय, तुझं काय झिजतंय?

तेव्हापासून सकाळी आमच्या ओट्यावर बाजार भरतो. सुकट निवडत, कोळंबी सोलत बायका बसतात आणि मोबाईल भिंतीला टेकवून पोरांची तोंडं बघतात. बायको गेल्यावर मला वाटलं आता येणार नाहीत. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या. टोपल्या ठेवल्या आणि बसल्या. या दिवाळीला मी भिंतीला चुना मारला, तो खडूचा चौकोन सोडून मारला.

मग कुठल्याशा कंपनीत चोरी झाली. चोर एका कामगाराच्या घरच्या वायफायमधून कामाच्या कॉम्प्युटरात शिरला आणि तिथून आत. ती कंपनी मुलीच्या कंपनीचं गिऱ्हाईक. वरून हुकूम आला, असा नियम करा की कामाचा कॉम्प्युटर अनोळखी मशीनांबरोबर एका लाइनीवर दिसला की राखणदारानं त्याचं दार लावायचं. तो नियम लिहायचं काम माझ्या मुलीकडे. तिनं दोन दिवस बसून लिहिला, नागपूरच्या एका बाईनं वाचून हो म्हटलं, आणि नियम पहिल्या चार-पाचांवर सोडला.

सकाळचे दहा वाजले असतील. पडवीतून मुलगी हसल्याचा आवाज आला. मी जाऊन बघतो तर पडदा बंद आणि त्यावर लाल पट्टी. म्हणाली, बाबा, मी लिहिलेल्या नियमानं मलाच धरलं. राखणदाराला आमच्या लाइनीवर एकोणीस अनोळखी मोबाईल दिसले होते. ओट्यावर सगळ्या बसल्या होत्या ना. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. त्याच बायकांच्या टोपल्या ओलांडून ती रोज आत यायची. पण घरातल्या गोष्टीकडे कुणी त्या नजरेनं बघत नाही.

हसणं दुपारपर्यंत टिकलं नाही. साहेबाचा फोन वायफायवरून आला. साहेब पुण्याचा, माणूस वाईट नाही, आई गेली तेव्हा भेटायला आला होता. तो म्हणाला, मी इथून हातानं तुझं दार उघडतो, तू काम सुरू कर. उघडलं. चहा उकळून कपात ओतेपर्यंत परत बंद झालं. त्यानं पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मुलगीच म्हणाली, सर, नका त्रास घेऊ, ते मीच तसं बांधलंय.

साहेबानं दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे अपवादाची यादी. नियम ज्यांना लागू नाही त्यांची नावं त्या यादीत असतात. त्यात गुपचूप स्वतःचं नाव टाक, मी वाचून लगेच हो म्हणतो, दुसरा कुणी बघणार नाही. नाहीतर महिनाअखेर पुण्याच्या ऑफिसात येऊन बस. तोवर तिनं मोबाईलच्या नेटवर काम करावं. म्हणजे बांधावर. माझी इंजिनियर मुलगी छत्री लावून बांधावर बसायला लागली. वाऱ्यानं मीटिंगमध्ये तिचं बोलणं कुणाला ऐकू जायचं नाही. बोटीवरचे लोक हात करून विचारायचे, काय इकतेस?

मी पहिल्याच संध्याकाळी म्हणालो, साहेब देतोय तर घे. नाव टाक. कोण बघायला येतंय?

ती म्हणाली, "बाबा, या वर्षात मी किती जणांना नाही म्हटलंय माहीत आहे? कारण लिही, अपवाद कधी संपणार ती तारीख लिही, मग देईन म्हणाले. आणि माझ्यासाठी मागच्या दारानं?"

मला दुसरंच काही आठवलं. एका वर्षी भात पोटरीत आलं होतं, कणसं बाहेर पडायच्या बेतात. मेव्हण्यानं दाराशी कोळंबीसाठी जाळं लावलं आणि म्हणाला, भरतीला एक फळी थोडी वर ठेव, पाण्याबरोबर माल आत येईल. बायको मासळी घेऊन बाजारात गेली होती. मी एकट्यानं फळी उचलली. पाणी बघायला कुणी नव्हतं. भरती मोठी निघाली, फळी परत खाली बसेना. आमचं शेत गेलं, ते जायचंच होतं. पण शेजारच्या दोघांचंही गेलं. बांधाच्या आतल्या शेतकऱ्यांची बैठक बसली, तेव्हा मी फळी कुजली होती असं सांगायला लागलो. बायको बायकांत बसली होती, ती उठली आणि म्हणाली, फळी चांगली हाय, यानं एकट्यानं उचलली, मी नव्हते. सगळ्यांसमोर. दोन महिने मी तिच्याशी बोललो नाही. ती माझ्याशी बोलत राहिली.

हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, मला आईनं सांगितलंय. बरं झालं, म्हटलं, मग अपवाद नको. पण पासवर्ड बदलणार नाही.

मुलीनं त्यावर पर्याय काढले. घरातला वायफायचा डबा जुना, त्याच्यातून दोन वेगळ्या वाटा निघत नाहीत. नवीन डबा आणू, आपली वाट वेगळी करू, म्हणाली. मग तिनंच सांगितलं की नियमाला तेही चालणार नाही, कामाला लाइनच वेगळी हवी. म्हणजे दुसरी लाइन. मी म्हटलं, घे. केबलवाल्याला बोलावलं. तो आळीतलाच, पण अलिबागच्या ऑफिसचं ऐकणारा. त्यानं मशीनमध्ये बघितलं आणि म्हणाला, काका, या घरावर लाइन काकूंच्या नावावर आहे. काकू नाहीत. ऑफिसला कळलं तर आधी ती बंद होईल. ती चालू ठेवायची तर तुमच्या नावावर करून घ्या, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स द्या, मग दुसरी देता येईल.

मी त्याला बाहेर जायला सांगितलं. नीट शब्दांत नाही सांगितलं.

दर महिन्याला माझ्या मोबाईलवर केबलच्या ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज येतो. प्रिय ग्राहक, आणि पुढे तिचं पूर्ण नाव. रेशनकार्डावरून तिचं नाव निघालं, मतदारयादीतून निघालं, बँकेनं काढलं. प्रत्येक ठिकाणी मीच दाखला घेऊन गेलो होतो आणि प्रत्येक ठिकाणी माझीच सही होती. ही एक जागा राहिली होती जिथे तिला कुणी गेलेली म्हणत नव्हतं. तिथे मी स्वतःच्या हातानं दाखला देणार नाही. केबलवाल्याला नाही, अलिबागला नाही, मुलीच्या कंपनीला नाही. चालवायचं असेल तर असंच चालवा.

मुलगी दोन आठवडे बांधावर बसली. तिचा चेहरा उन्हानं काळवंडला. एका संध्याकाळी लॅपटॉप टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मग मी पुण्याला जाऊ का बाबा?"

"जा," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. ती आत गेली आणि भाकऱ्या थापायला लागली. मी ओट्यावर जाऊन बसलो. शेजारीण एकटीच उरली होती, टोपली आवरत. आमचं बोलणं भिंतीतून ऐकू जातं, त्यामुळे तिला काही सांगावं लागलं नाही.

ती म्हणाली, दादा, बदल ना तो शब्द. आमी जाऊ बांधावर, आमचे पाय काय झिजले न्हायत. मी म्हटलं, तिनं दिलेलं मी काढणार नाही. ती म्हणाली मग कागद देऊन टाक त्या केबलवाल्याला. मी म्हटलं तेही नाही. तिनं टोपली डोक्यावर घेतली, परत खाली ठेवली.

"तिचं नाव ठेवायचं तर तिनं सुरू केलेलं काम बंद पडतंय. काम ठेवायचं तर नाव जातंय. आन तू दोन्ही धरून पोरीला घालवतोस. ती असती ना, तर तुला बैठकीत उभा केला असता."

मी म्हटलं, ती असती तर हा प्रश्नच आला नसता. शेजारीण म्हणाली, व्हय, पण ती न्हाय, तू हाय. आणि गेली. जाताना माझ्या पायांशी वाटीभर सुकट ठेवून गेली, जसं काय मी आजारी आहे.

सकाळी मी पत्र्याची पेटी काढली. दाखला कुठे आहे हे मला डोळे मिटून माहीत होतं. झेरॉक्सवाल्यानं विचारलं किती प्रती, मी म्हटलं एक. यापूर्वी त्याच्याकडून मी दहा-दहा काढल्या होत्या. केबलवाल्याच्या दुकानात जाऊन कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, ऐक. ही लाइन माझ्या नावावर कर. डबा तोच, पासवर्ड तोच. त्याला हात लावायचा नाही. उद्या ऑफिसनं नवीन डबा पाठवला तर त्यातही तोच शब्द घालायचा. आणि दुसरी लाइन मुलीच्या नावावर, मागच्या पडवीत, वेगळ्या वायरनं. तो म्हणाला, काका, एका घरात दोन दोन लाइनी, हॉटेल काढताय काय? मी म्हटलं, काढलंय, तिनं तीन वर्षांपूर्वीच काढलंय. सही कुठे करायची?

पहिली सही फिकी उठली. तो बघत होता म्हणून मी दुसऱ्यांदा जास्त दाबून केली.

तीन दिवसांनी पडवीत वायर आली. मुलीनं लॅपटॉप त्या लाइनीला जोडला. राखणदारानं इकडं तिकडं बघितलं, त्याला तिच्याशिवाय कुणी दिसलं नाही. लाल पट्टी गेली. बाहेर ओट्यावर तेव्हा बायका होत्या, जहाजावरचा एक मुलगा मोठमोठ्यानं विचारत होता की घरी आज काय कालवण.

पण काम संपलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिचंच दार बंद झालेलं फायलीत नोंदलं गेलं होतं, आणि नियम सगळीकडे सोडण्याआधी ते असं का झालं, आता कसं सुटलं, हे तिला त्याखाली लिहून द्यायचं होतं. नागपूरच्या बाईनं तिथे विचारलंही होतं, शेजाऱ्यांचं बंद करून टाकणं सोपं नव्हतं का? साहेबानंही खाली लिहिलं होतं, की मलाही तेच वाटलं. हे त्यांच्यातला कुणीही वाचू शकतो. मुलगी बराच वेळ बोटं टेबलावर वाजवत बसली. इंग्रजीत काहीतरी लिहायची, खोडायची. मी दारात उभा होतो. विचारलं, अडलंय काय? ती म्हणाली, काय उत्तर देऊ ते सुचत नाही.

मी म्हटलं मी सांगतो, तू लिही. मराठीत लिही, ज्याला वाचायचं तो वाचेल.

"आमच्या घरची पहिली लाइन आळीची आहे. ती बंद होणार नाही. कामाला वेगळी लाइन घेतली आहे."

ती म्हणाली, बस? मी म्हटलं बस. लाइन आली ती तारीख घाल, संपायची तारीख घालू नको, हा अपवाद नाही.

तिनं तसंच्या तसं लिहिलं. खाली इंग्रजीत त्याचा अर्थ दिला. मी विचारलं, साहेबाला नाही आवडलं तर तो हे पुसून टाकेल का? ती म्हणाली, पुसता येत नाही. नवीन लिहिता येतं, पण जुनं खाली तसंच राहतं, कुणी लिहिलं आणि कधी लिहिलं त्यासकट. कंपनी आहे तोवर.

कंपनी किती दिवस आहे ते मला माहीत नाही. पण म्हटलं, ठीक आहे.

साहेबाचं उत्तर दुपारी आलं. त्यानं फक्त हो म्हटलं होतं. मुलीनं नियम सगळीकडे सोडला आणि डोळे मिटून खुर्चीत मागे रेलली. पुण्याला जायचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि त्यानंतरही निघालेला नाही. महिनाअखेर मेसेज आला. प्रिय ग्राहक, आणि पुढे माझं नाव. मी तो शेवटपर्यंत वाचला. मग ओट्यावर गेलो आणि बायकांना म्हटलं, जरा सरका, मला बसायला जागा द्या.